गाडी थांबते तेव्हा: वूड बंधूंच्या रेसिंग टीमची पंचाहत्तर वर्षं

मागच्या एपिसोडचा हा लेखी भाग. एसटीत रेंज गेली म्हणून ज्यांचं अर्धवट राहिलं त्यांच्यासाठी, आणि "भाऊ, नावं नीट कळली नाहीत, लिहून टाक" म्हणणाऱ्यांसाठी. बोलताना दोन-चार गोष्टी सुटल्या होत्या, त्याही इथे घातल्यात.

सुरुवात आमच्या घरापासून करतो, मग अमेरिकेत जाऊ.

जालन्यात आमचं ट्रकचं गॅरेज आहे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून सळई भरून निघणाऱ्या गाड्या, मोंढ्यात माल आणणारे टेम्पो, पिकअप, असलं सगळं. वडील आणि काकांनी मिळून सुरू केलेलं. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो, चुलतभाऊ पुण्यात कंपनीत लागला. गेल्या दिवाळीत घरात पहिल्यांदा तो प्रश्न कुणीतरी मोठ्यानं विचारला, "आता पुढं कोण बघणार?" कुणी उत्तर दिलं नाही. चिवड्याच्या वाट्या तशाच ठेवून सगळे उठले.

त्या रात्री मी मोबाइलवर जुन्या अमेरिकन रेसची क्लिप बघत होतो. वडील मागे येऊन उभे राहिले. गाड्या सुसाट पळत होत्या तोपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग एक गाडी येऊन थांबली, चार-पाच माणसं तिच्यावर तुटून पडली, टायर बदलले, गाडी गेली. वडील म्हणाले, "थांब, मागं घे. त्याचा जॅक बघू दे."

ती क्लिप त्यांनी पाच वेळा बघितली. त्या टीमचं नाव वूड ब्रदर्स. आजची गोष्ट त्यांची.

आधी 'स्टॉक'चा अर्थ

शेअर बाजारातला स्टॉक इथे डोक्यातून काढून टाका. आपण गाडीबद्दल 'कंपनी फिटिंग' म्हणतो ना, ते म्हणजे स्टॉक. शोरूममधून निघाली तशी गाडी घ्यायची आणि रेसला उतरवायची, असा हा खेळ होता. आज या गाड्या नावालाच शोरूमसारख्या दिसतात. आत सगळं रेससाठी बनवलेलं असतं.

हा खेळ वाढला अमेरिकेच्या दक्षिण भागात. तिथे चोरून दारू गाळायचे आणि रात्रीच्या वेळी पोलिसांना गुंगारा देत डोंगरातल्या वळणांवरून गाडी पळवायचे. बाहेरून साधी दिसणारी, आतून जबरदस्त इंजिनाची गाडी लागायची. मग 'कुणाची गाडी जास्त पळते' यावरून मातीच्या ट्रॅकवर शर्यती सुरू झाल्या. १९४८ साली बिल फ्रान्स नावाच्या माणसानं या सगळ्याला एका संस्थेत बांधलं. तीच नॅसकार. १९४९ मध्ये 'स्टॉक' गाड्यांची पहिली मोठी रेस झाली.

१९९५ पासून नॅसकारमध्ये ट्रकच्याही वेगळ्या रेस होतात. जालनेकरांनो, लगेच चौदा टायरची गाडी डोळ्यासमोर आणू नका. तिथे ट्रक म्हणजे पिकअप! खऱ्या मोठ्या ट्रकची रेस आपल्या देशातही झालीये. २०१४ ते २०१७ या काळात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटाचे प्राइमा ट्रक पळाले. पण तो सगळा मामला कंपनीचा होता. आज आपण बोलतोय ते घरच्या टीमबद्दल, जिथे मालक, मेकॅनिक आणि ड्रायव्हर एकाच ताटात जेवतात.

आडनाव लाकूड, धंदा लाकडाचा

व्हर्जिनिया राज्यात स्टुअर्ट नावाचं छोटं डोंगराळ गाव आहे. तिथे वॉल्टर वूड शेती करायचे आणि गाड्या दुरुस्त करायचे. त्यांना पाच मुलं: ग्लेन, लेनर्ड, डेलानो, क्ले आणि रे ली. ग्लेन १९२५ चा. वूड म्हणजे लाकूड, आणि ग्लेनचा धंदाही लाकूड कापण्याचाच. त्यामुळे पुढे ट्रॅकवर लोक त्याला 'वूडचॉपर', म्हणजे लाकूडतोड्याच म्हणायला लागले.

त्याच भागात कर्टिस टर्नर नावाचा दुसरा एक लाकूडवाला रेसमध्ये नाव कमावत होता. त्याला बघून ग्लेनला वाटलं, हा करू शकतो तर आपण का नाही? १९५० मध्ये त्यानं एका मित्रासोबत पन्नास डॉलरला १९३८ ची जुनी फोर्ड घेतली. पहिल्याच रेसमध्ये गाडीला धक्का बसला. टो करून घरी आणताना मागचा ॲक्सल तुटला, पेट्रोल सांडलं आणि गाडीनं पेट घेतला.

आपल्याकडे असं झालं असतं तर आईनं दुसऱ्या दिवशी नारळ फोडून तो विषय कायमचा बंद केला असता. ग्लेननं दुसऱ्या रेसची तयारी केली.

टीमकडे वर्कशॉप वगैरे काही नव्हतं. घराजवळ एक मोठं झाड होतं, त्याच्या फांदीला साखळी अडकवून इंजिन उचलायचे. आमच्याकडे चेनब्लॉक येण्याआधी वडील आणि काकाही कडुलिंबाखालीच इंजिन उतरवायचे. त्यामुळे हे वाक्य वाचल्यावर वडील एकदम म्हणाले, "हे आपल्यातलेच दिसायलेत."

दिवसा सगळ्यांचे आपापले कामधंदे आणि रात्री गाडी, असं चालायचं. ग्लेन चालवायचा, भाऊ सांभाळायचे. १९६० मध्ये नॅसकारच्या मुख्य मालिकेतला टीमचा पहिला विजय ग्लेननं स्वतः मिळवला, विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये. त्यानं असे एकूण चार विजय मिळवले, चारही त्याच स्टेडियममध्ये. नंतर त्यानं स्टिअरिंग दुसऱ्यांच्या हातात दिलं आणि स्वतः मालक म्हणून उभा राहिला. घरच्या धंद्यात हे सोपं नसतं. आपल्यापेक्षा भारी चालवणारा माणूस बाहेर आहे हे मान्य करायला मोठं मन लागतं.

लेनर्डचं डोकं

या घराचा खरा इंजिनिअर म्हणजे लेनर्ड. जन्म १९३४. कॉलेज नाही, डिग्री नाही. लहानपणी त्यानं वॉशिंग मशीनच्या छोट्या पेट्रोल इंजिनावर चालणारी गाडी बनवली होती.

त्या काळात रेसच्या मध्ये गाडी थांबली की थांबली. पेट्रोल भरायचं, टायर बदलायचे, ड्रायव्हर पाणी प्यायचा, कधी कधी खाली उतरून पाय मोकळे करायचा. सगळ्यांचं लक्ष पळण्याकडे. इंजिन अजून ताकदवान कसं होईल, यावरच सगळा खर्च. लेनर्डनं उलटा हिशोब मांडला. गाडी पळताना एकेक सेकंद वाचवायला जीव जातो. मग उभी असताना जे सेकंद फुकट जातात, ते का नाही वाचवायचे?

हा हिशोब आपण करून बघू. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा. तासाला १६० मैलांच्या वेगानं एक फेरी साधारण ५६ सेकंदांत होते. समजा रेसमध्ये पाच वेळा थांबायचंय आणि दर वेळी तुम्ही समोरच्यापेक्षा वीस सेकंद वाचवले. झाले शंभर सेकंद, म्हणजे पावणेदोन फेऱ्या! एवढी आघाडी इंजिनातून काढायची तर किती पैसे ओतावे लागतील?

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. ॲप स्लो झालं की आपण कोड घासत बसतो. नंतर कळतं, कोड ठीक होता, वेळ सगळा डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात जात होता. लेनर्डनं हे आपल्या आधी साठ वर्षं ओळखलं, तेही ग्रीसच्या हातांनी.

त्यानं जॅक हलका केला आणि कमी दांडे मारून गाडी वर येईल असा बनवला. नट खोलायच्या गनमध्ये सुधारणा केल्या. कोण कुठून धावणार, कोणत्या हातात काय धरणार, कोण कुणाच्या आडवं येणार नाही, हे सगळं ठरवून सराव केला. आज फॉर्म्युला वनपासून सगळीकडे पिट स्टॉपची जी नाचासारखी बसवलेली हालचाल दिसते, तिची मोठी सुरुवात या भावांकडून झाली.

१९६३ आणि १९६५

१९६३ च्या डेटोना ५०० रेसच्या काही दिवस आधी टीमचा ड्रायव्हर मार्व्हिन पँच दुसऱ्याच एका गाडीची चाचणी घेत होता. गाडी उलटली आणि पेटली. बघणाऱ्यांपैकी काही जण आगीत धावले आणि त्याला ओढून बाहेर काढलं. त्यात टायनी लुंड नावाचा धिप्पाड ड्रायव्हर होता. त्याच्याकडे त्या रेससाठी गाडी नव्हती. दवाखान्यात पडल्या पडल्या पँचनं वूड बंधूंना सांगितलं, माझ्या जागी टायनीला बसवा.

टायनी बसला आणि जिंकला! कसा? बाकीचे टायर बदलायला थांबत होते. वूड बंधूंनी पाचशे मैल टायरच्या एकाच सेटवर काढले आणि इंधनाचा हिशोब असा बसवला की इतरांपेक्षा कमी वेळा थांबावं लागलं. ज्यानं मित्राचा जीव वाचवला त्याला मित्राची गाडी मिळाली, आणि ती गाडी थांबण्याच्या हिशोबावर जिंकली. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, फार फिल्मी आहे.

दोन वर्षांनी त्याहून मोठी गोष्ट झाली. इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली सगळ्यात मानाची रेस, पण गाड्या वेगळ्या, जग वेगळं. स्कॉटलंडचा जिम क्लार्क तिथे कॉलिन चॅपमनची लोटस गाडी घेऊन उतरणार होता. इंजिन फोर्डचं. त्या वर्षी क्लार्कनं या रेससाठी मोनॅकोची ग्रां प्री सोडली होती. फोर्डला पिट स्टॉपमध्ये एक सेकंदही वाया घालवायचा नव्हता. त्यांनी फोन केला स्टुअर्टला.

गावाकडचे लाकूडवाले भाऊ जगातल्या सगळ्यात आधुनिक रेस कारच्या टीममध्ये येऊन उभे राहिले. नियम असा होता की इंधन पंपानं भरायचं नाही, टाकी उंचावर ठेवायची आणि ते आपोआप खाली उतरलं पाहिजे. लेनर्डनं टाकी, नळी, तोंड सगळं तपासलं, जिथे प्रवाह अडतो ती जागा घासून साफ केली. रेसच्या दिवशी गाडी इतक्या लवकर निघाली की गर्दीला वाटलं, अर्धवटच भरलं असणार. टाकी पूर्ण भरली होती. क्लार्कनं २०० पैकी १९० फेऱ्या पहिल्या नंबरवर काढल्या आणि रेस जिंकली. इंजिन मागे असलेल्या गाडीचा इंडीतला तो पहिला विजय.

सोन्याचा काळ, आणि दोन सुटलेली चाकं

१९७२ मध्ये डेव्हिड पियर्सन टीममध्ये आला. पुढच्या सात वर्षांत लाल-पांढऱ्या २१ नंबरच्या गाडीनं ४३ रेस जिंकल्या. १९७३ मध्ये तर कमाल केली: १८ रेसमध्ये उतरले, ११ जिंकले.

हे १८ लक्षात ठेवा. त्या सीझनमध्ये एकूण रेस २८ होत्या. वूड बंधू सगळ्या रेसना जायचेच नाहीत. मोठ्या, जास्त बक्षिसाच्या रेस निवडायच्या, तिथे पूर्ण तयारीनं जायचं आणि बाकी वेळ घरी. याची किंमतही त्यांनी मोजली. सीझनची चॅम्पियनशिप गुणांवर ठरते आणि गुण रेस खेळल्यावरच मिळतात. त्यामुळे शंभरावर विजय मिळवणाऱ्या या टीमच्या एकाही ड्रायव्हरला त्यांच्या गाडीत सीझनचा किताब मिळाला नाही.

१९७६ चं डेटोना ५०० यूट्यूबवर नक्की बघा. शेवटच्या फेरीत पियर्सन आणि रिचर्ड पेटी एकमेकांना भिडले. दोन्ही गाड्या गरगर फिरून फिनिश लाइनच्या अलीकडे येऊन पडल्या. पेटीची गाडी चालूच होईना. पियर्सननं गाडी फिरत असतानाच क्लच दाबून धरला होता, म्हणून इंजिन बंद पडलं नाही. चेपलेली गाडी सायकलच्या वेगानं रेटत त्यानं रेषा ओलांडली. इतकं सगळं वेगासाठी करायचं आणि शेवटी जिंकायचं रांगत!

आणि मग एप्रिल १९७९, डार्लिंग्टन. पियर्सन पिटमध्ये आला. टीमला चारही टायर बदलायचे होते, त्याला वाटलं दोनच. डाव्या बाजूचे नट सैल झालेले असताना त्यानं गाडी काढली. पिटच्या बाहेर पडेपर्यंत डावीकडची दोन्ही चाकं निखळली. ज्या कामात हे जगात पहिले होते, नेमक्या त्याच कामात सगळ्यांसमोर फजिती झाली. पुढच्या काही दिवसांत पियर्सन आणि टीम वेगळे झाले.

यात नवीन काही नाही. घरच्या धंद्यात मोठी भांडणं अशाच ठिकाणी होतात. 'मला वाटलं तू बघशील' आणि 'मला वाटलं तुला माहितीये', या दोन वाक्यांमध्ये चाक सुटतं.

लहान होणं, पण विकून न टाकणं

त्यानंतर ग्लेनची मुलं एडी आणि लेन, मुलगी किम यांनी कारभार हातात घेतला. जिंकणं चालू होतं, पण अंतर वाढत गेलं. बाकीच्या टीम तीन-चार गाड्यांच्या, शेकडो इंजिनिअरच्या कंपन्या झाल्या. इथे एक गाडी आणि एक घर. टिकण्यासाठी त्यांनी दुसऱ्या टीमशी भागीदारी केली आणि २००६ मध्ये मुख्य मालिकेबरोबर ट्रक मालिकेतही गाड्या उतरवल्या. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या मार्कोस अँब्रोसनं अमेरिकेतली सुरुवात त्यांच्याच पिकअपमध्ये केली. पण ती भागीदारी फार टिकली नाही.

२००८ मध्ये तळ गाठला. ज्या डेटोनावर नाव कमावलं, तिथल्या ५०० मैलांच्या रेसला पात्रच ठरता आलं नाही.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. कर्ज काढून मोठं व्हायचं, नाहीतर विकून मोकळं व्हायचं. वूड घराण्यानं जुनीच युक्ती काढली. सगळ्या रेस झेपत नाहीत ना? मग वर्षाला मोजक्याच खेळू, पण नीट खेळू. पुढची काही वर्षं ते असेच अर्धवेळ चालले.

२० फेब्रुवारी २०११. डेटोना ५००. गाडीत ट्रेव्हर बेन, मुख्य मालिकेतली त्याची दुसरीच रेस. आदल्या दिवशी वयाची वीस वर्षं पूर्ण झालेली. आणि तो जिंकला! दहा वर्षांनी २१ नंबर पहिला आला होता. म्हातारे ग्लेन आणि लेनर्ड तेव्हा हयात होते.

लढाई तिथेही संपली नाही. २०१६ मध्ये नॅसकारनं चार्टर आणले, म्हणजे प्रत्येक रेसमध्ये जागेची हमी देणारे परवाने. ते ३६ गाड्यांना मिळाले, आधीची सलग वर्षं पूर्णवेळ खेळलेल्यांना. अर्धवेळ राहून जीव वाचवलेल्या सगळ्यात जुन्या टीमला मिळाला नाही. तरीही त्याच वर्षी ते पूर्णवेळ परतले, पेन्स्के या मोठ्या टीमकडून तांत्रिक मदत घेऊन. मालकी मात्र घरातच ठेवली.

ग्लेन वूड जानेवारी २०१९ मध्ये वारले, वयाच्या ९३ व्या वर्षी. तेव्हा टीमच्या नावावर ९९ विजय होते. शंभरावा आला २४ ऑगस्ट २०२४ ला, पुन्हा डेटोनाला. ड्रायव्हर हॅरिसन बर्टन. पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसरा येणार, हे त्याला आधीच सांगून झालं होतं. त्यानंच शेवटच्या फेरीत काईल बुशला मागे टाकलं.

आपला पट

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं काय? मला विचाराल तर शंकरपट. पटाची जोडीही घराचीच असते. एक भाऊ हाकणार, एक वैरण बघणार, घरातली म्हातारी बैलांच्या खाण्यावर डोळा ठेवणार. आणि तिथेही सेकंदाच्या भागावर निकाल लागतो.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. जनावरांचे हाल होतात हा मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. शेपट्या पिरगाळणं, टोचणं हे प्रकार व्हायचे. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. म्हणजे साडेसात वर्षांचा पिट स्टॉप! गाडी शेडमध्ये लावून ठेवता येते. बैल रोज खातो. ज्या घरांनी त्या काळात शर्यत नसताना जोडी सांभाळली, ती वूड घराण्याचीच जातकुळी.

मग गॅरेजचं काय?

हे सगळं वडिलांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अन् त्यांचं दुकान गावातच राहिलं का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण खरं सांगितलं. नाही राहिलं. सगळ्या टीम नॉर्थ कॅरोलायनात शार्लटच्या आसपास आहेत, म्हणून त्यांनाही वर्कशॉप तिकडे न्यावं लागलं. गावात म्युझियम आहे, जुन्या गाड्या आहेत. वडील "हं" म्हणाले आणि झोपायला गेले.

आमचं काही ठरलेलं नाही. पण दिवाळीनंतर मी एक काम केलं. वडिलांच्या मोबाइलवर एक साधा फॉर्म बनवला: गाडी कधी आली, काम कधी सुरू झालं, पार्ट कधी आला, गाडी कधी गेली. महिनाभर त्यांनी कुरकुरत भरला. कळलं ते असं की क्लचप्लेटचं काम चार तासांचं आणि गाडी उभी दोन दिवस. पार्टची वाट बघत. आता नेहमी लागणारे पार्ट काकांनी आधीच आणून ठेवायला सुरुवात केलीये. गाड्या लवकर निघतात, ड्रायव्हर शिव्या कमी देतात.

गॅरेज पुढं कोण बघणार, हा प्रश्न अजून तसाच आहे. पण काल चुलतभावाचा पुण्याहून फोन आला होता. विचारत होता, "तो फॉर्म मला पण दिसेल का रे इकडून?"

म्हटलं, दिसेल. लिंक पाठवलीये.